पीपीएमकाका

भेसळ दोन प्रकारची असते, मुद्दाम केलेली आणि चुकून झालेली. सरकारला पहिली गुन्हा वाटते आणि दुसरीकडे ते जमेल तेवढा काणाडोळा करतं. पीपीएमकाकांचा कायदा बरोबर उलटा. मोजूनमापून, वहीत तारीख घालून केलेली भेसळ त्यांना पूज्य. न विचारता आत आलेला कण मात्र चोर, मग तो एकटा का असेना.

ह्याला कारण त्यांचा पेशा. निवृत्त होईपर्यंत काकांनी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत अर्धवाहक स्फटिक वाढवले आणि त्यांत लोखंड घातलं. झिंक सेलेनाइड, कॅडमियम टेल्युराइड, इंडियम फॉस्फाइड ही त्यांची माणसं. आधी माल ९९.९९९९ टक्के शुद्ध करून घ्यायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सहा नऊ’, आणि मग त्यात हिशेबाने लोखंड सोडायचं, म्हणजेच ‘डोपिंग’. लग्नाच्या बोलणीत भावी सासऱ्यांनी विचारलं होतं, "आपण नेमकं करता काय?" काका म्हणाले, "शुद्ध वस्तू मागवतो आणि बिघडवतो." सासरे हुबळीचे किराणा मालाचे व्यापारी. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि मुलगी दिली.

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. एक किलो रव्यात एक मिलिग्रॅम. काकांच्या तोंडी हे माप इतकं बसलंय की "आमटीत मीठ किती घालू?" ह्या प्रश्नाला "आठ हजार" असं उत्तर येतं आणि काकू बरोबर तेवढंच घालतात. नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो ह्या शहराचा अधिकृत मंत्र म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, सार." काकांनी गंभीरपणे विचारलं, "स्वल्प अंदरे एष्टु पीपीएम?" म्हणजे, ‘थोडं’ म्हणजे किती पीपीएम? तो प्लंबर परत आला नाही. नळ अजून गळतो. थेंबांचा वेग काकांच्या वहीत आहे.

काकांच्या आजोबांनी बेळगावहून येऊन चामराजपेटेत घर केलं. पेठ वसली १८९२ च्या सुमारास, चामराजेंद्र वडियारांच्या नावाने. सरळ मेन रोड, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस आणि घरांच्या मागून जाणारे सफाईचे बोळ, अशी तिची आखणी. काकांचं घर त्या जुन्या आखणीतलं. पुढे दोन दगडी खांब, मध्ये लाल रेड-ऑक्साइडची जमीन. ही जमीन म्हणजेही लोखंडाचा गंजच, हे काका येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढताकाढता सांगतात. पाहुण्याने जमिनीचं कौतुक केलं की ते खूष होतात आणि ‘किती गार लागते’ असं कुणी म्हटलं की नाराज होतात. गार लागण्याचा लोखंडाशी संबंध नाही.

पेठेतल्या दुकानदारांनी त्यांचं नाव ‘अयस्कांत सार’ ठेवलंय. अयस्कांत म्हणजे कानडीत लोहचुंबक. काकांच्या सदऱ्याच्या खिशात तो कायम असतो, बाद झालेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून काढलेला, नखाएवढा आणि दुष्ट. खिशात किल्ल्या आणि चुंबक एकत्र गेले की त्यांना सोडवायला काकूंना बोलवावं लागतं. चिक्कपेटेत भांडी घ्यायला निघाले की दुकानातली पोरं आधीच सावध होतात, कारण काका भांड्याची किंमत विचारत नाहीत, भांड्याला चुंबक लावतात. स्टीलच्या तांब्याच्या पोटाला लागला नाही, ठीक. काठाला मात्र किंचित ओढ जाणवते. मुलगा घाबरतो, गिऱ्हाईक आता ‘डुप्लिकेट’ म्हणणार. पण काका उलट त्याचीच समजूत घालतात. अरे, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेलं हे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही; पण काठ वळवताना त्याच्या आतली रचना बदलते आणि तेवढ्याच भागात ते चुंबकाला ओळख देऊ लागतं. माल अस्सल आहे, फक्त काठाला त्रास झालाय. इतकं सांगून तांब्या न घेता ते शेजारच्या दुकानात जातात.

नाण्यांचंही तसंच. हल्लीचं रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं चुंबकाला चटकन चिकटतं, कारण ते क्रोमियमवाल्या पोलादाचं. ऐंशीच्या दशकातला तांबं-निकेलचा जाड रुपया ढिम्म हलत नाही. आणि काकूंच्या देवघरात पूजेला ठेवलेला साठच्या दशकातला रुपया पुन्हा टुणकन उडी मारतो, कारण तो शुद्ध निकेलचा. काकांच्या मते भारताच्या चलनाचा इतिहास अर्थशास्त्रज्ञांनी उगाच अवघड करून ठेवलाय. चुंबक घेतला की तो पाच मिनिटांत संपतो. कोटे वेंकटरमणाच्या देवळात हुंडीपाशी उभे राहून ते नाणी निवडतात, तेव्हा मागच्या रांगेला वाटतं, म्हातारा मोठं नाणं टाकायला कचरतोय.

पिठाची गिरणी हे त्यांचं दुसरं तीर्थक्षेत्र. खिळा-मोळा जात्यात जाऊ नये म्हणून गिरणीवाले चाडीला चुंबक लावून ठेवतात. काका दळण सुरू होण्याआधी त्या चुंबकाची दाढी पाहतात. हो, दाढीच असते ती: काळे, बारीक, उभे राहिलेले कण. ते कागदावर पुसून घेतात, प्लास्टिकच्या नळीत भरतात, चिठ्ठी लावतात: ‘भाजणी, दिवाळीपूर्वी’. कपाटात अशा नळ्यांची रांग आहे. चहात सापडणाऱ्या लोखंडाच्या किसाला अन्नसुरक्षावाल्यांनी किलोमागे मिलिग्रॅममध्ये मर्यादा घातलेली आहे. देशातला हा एकच नियम काकांना तोंडपाठ आहे, कारण तो सरळ पीपीएममध्ये बसतो. घरी चहाची पूड आली की ती वर्तमानपत्रावर पसरून चुंबक फिरवला जातो, आकडा काढला जातो, आणि मग काका कॉफी पितात.

एवढी लोखंडाची धास्ती असलेल्या माणसाने आयुष्यभर लोखंडच का हाताळलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. ह्याची कथा काका स्वतः सांगतात. शाळेत असताना त्यांना रामन ह्यांच्या संस्थेतलं संग्रहालय बघायला नेलं होतं. सी. व्ही. रामन ह्यांना हिरे, माणकं, स्फटिक, शिंपले, फुलपाखरं, जिथे म्हणून रंग आहे ते जमवायचा नाद होता, आणि त्यांच्या संग्रहातल्या एका काळोख्या खोलीत जंबुपार दिवा लावला की दगड पेटल्यासारखे हिरवे-केशरी उजळतात. सगळी पोरं उजळणाऱ्या दगडांकडे बघत होती. आमचा नायक एका न उजळणाऱ्या दगडापाशी थांबला. त्याला का जमत नाही? बरोबरच्या मास्तरांनी सांगितलं, ह्यात लोखंड शिरलं असेल. बस्स. त्या दिवसापासून काकांच्या डोक्यातही शिरलं.

आणि मास्तर खरं बोलले होते. झिंक सल्फाइड घ्या. शुद्ध असेल तर रंग नाही. खाणीत मिळतं ते स्फॅलराइट, उदेपूरजवळच्या झावरला जुन्या काळी लोकांनी ज्यातून जस्त गाळलं ते. त्यात लोखंड जसजसं वाढतं तसतसा रंग मधासारखा, मग तपकिरी, मग काळाकुट्ट होतो. त्याच झिंक सल्फाइडची पूड जुन्या टीव्हीच्या पडद्याच्या आतून फासलेली असायची, आणि ती बनवणारे कारखाने लोखंडाला कापायचे. दहा लाखांत काही मोजके अणू घुसले तरी चकाकी मरते. त्या धंद्यात लोखंडाचं नावच ‘किलर’. सिलिकॉनच्या सौरपट्टीतही तेच. पण इंडियम फॉस्फाइडमध्ये हेच लोखंड सन्मानाने बोलावलं जातं, कारण ते भटके इलेक्ट्रॉन पकडून बसतं आणि स्फटिकाचा विजेला होणारा अडथळा अफाट वाढवतं. वेगवान इलेक्ट्रॉनिक्सच्या चकत्या अशाच लागतात. झिंक सेलेनाइडमध्ये घातलं तर १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या मंडळींनी त्यातून चक्क लेसर काढला, चार मायक्रॉनच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. "म्हणजे खुनी तोच, पुजारी तोच," काका म्हणतात. "गुन्हा लोखंडाचा नसतो. त्याला कुणी बोलावलं होतं, एवढंच बघायचं."

नोकरीतले त्यांचे दिवस मात्र फारसे रोमहर्षक नव्हते. क्वार्ट्झची नळी आम्लात धुवायची, आतून कार्बनचा पातळ थर द्यायचा, माल भरून हवा काढायची, तोंड वितळवून बंद करायचं. मग हजार अंशांच्या वरच्या भट्टीतून ती नळी तासाला एक-दोन मिलिमीटर खाली सोडायची. ह्याला उरकणं म्हणत नाहीत. दोन-तीन दिवस गोठायला आणि तितकेच दिवस निववायला. ह्या काळात कुणी मोठ्याने दार आपटलं तरी काका तिकडे असे बघायचे की तो माणूस पुढच्या वेळी दारच उघडायचा नाही. आणि ह्या सगळ्याच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे, वीज जायची. पाठचं डिझेल जनित्र चालू होईतो भट्टीचं तापमान घसरलेलं, स्फटिकाचे तुकडे. अशा पहाटे काका घरी येऊन काहीही न बोलता स्नान करून संध्या करत. एरवी ते संध्या करत नसत. त्यामुळे वीज गेली होती हे काकूंना कळायचं.

हे काका एकटे नाहीत. अशी माणसं धारवाडला सापडतात, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पातळ थरांच्या नादी लागलेली सापडतात, पुण्यात तर दर सोसायटीत एक. सगळ्यांची लक्षणं तीच: खिशात भिंग किंवा चुंबक, बोटांवर जुन्या आम्लाचे डाग, आणि कुणी उपमा दिली की ती तपासून परत करायची सवय. गणेशोत्सवाच्या एका कार्यक्रमात एका उत्साही वक्त्याने बंगळूरच्या मराठी माणसाचा गौरव केला. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं इथपासून सुरुवात करून तो म्हणाला, "आपण मराठी माणसं म्हणजे ह्या कन्नड स्फटिकातले डोपंट आहोत!" टाळ्या पडल्या. काका उभे राहिले. "एक शंका. सब्स्टिट्यूशनल की इंटरस्टिशियल?" वक्ता गोंधळला. काकांनी समजावलं, "डोपंट दोन तऱ्हेने बसतो. मूळच्या अणूला उठवून त्याच्या जागेवर, नाहीतर दोन अणूंच्या फटीत. आपण कुणाला उठवलंय? मी तर चामराजपेटेत भाड्याने राहणारे मराठी बरेच बघतो. ते फटीतले." अध्यक्षांनी आरती सुरू केली.

हे शहर मुळात ह्या माणसांना पोसणारं आहे. टाटा इन्स्टिट्यूट (असंच म्हणतात इथले जुने लोक, ‘भारतीय विज्ञान संस्था’ असं कुणी रिक्षावाल्याला सांगितलं तर तो मीटर न टाकता विचारात पडतो) १९०९ पासून आहे. आणि काकांच्या घरापासून जवळच, बसवनगुडीतल्या नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या बेंगळूर सायन्स फोरमची व्याख्यानं. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी चमत्कारांची चौकशी करायला समितीच नेमली. काका त्यांचे कट्टर भक्त. भक्त हा शब्द त्यांना चालत नाही, पण दुसरा शोभत नाही.

म्हणूनच नीलमचं प्रकरण त्यांना जिव्हारी लागलं. काकूंच्या भावाला साडेसाती लागली, ज्योतिष्याने नीलम सांगितला, आणि अंगठी घेऊन तो मेहुण्याला दाखवायला आला. काका आधी अर्धा तास फलज्योतिषावर बोलले. मग नीलम हातात घेतला, खिडकीशी नेला, आणि गप्प झाले. कारण नीलमचा निळा रंग येतो तो लोखंड आणि टायटॅनियम ह्यांच्या शेजारपणातून. प्रकाश पडला की लोखंडाचा इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी घेतो आणि त्यात तांबडा-पिवळा भाग गिळला जातो. आणि शनीचा धातू कोणता? लोखंड. शनीला लोखंड, शनीला नीलम, आणि नीलममध्ये लोखंड! ज्या काळी कुणाला अणू ठाऊक नव्हता त्या काळच्या ज्योतिष्यांना हे कसं समजलं? मेहुण्याने डाव साधला, "बघा, आमचं शास्त्र!" काकांना रात्री झोप लागली नाही. सकाळी ते म्हणाले, "मग जांभळा क्वार्ट्झ का नाही सांगत? अमेथिस्टचा जांभळा रंगसुद्धा लोखंडाचाच आहे. तापवला की पिवळा होतो." मेहुण्याने सांगितलं की तोही सांगतात, नीलम परवडत नसेल तर. काकांनी विषय बंद केला आणि जाताजाता एवढंच म्हणाले की कोरंडम अर्धवाहक नाही, इन्सुलेटर आहे, तेव्हा ते त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

आता कढई. काकूंच्या माहेरची लोखंडी कढई काकांनी लग्नानंतर लगेच माळ्यावर टाकली होती. फोडणी देताना तिचं लोखंड आमटीत उतरतं, आंबट असेल तर जास्तच. किती उतरतं त्याचा हिशेब नाही, म्हणजे ती घुसखोरी. बरीच वर्षं घर स्टीलवर चाललं. मग काकांना धाप लागू लागली, रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघून चष्मा वर केला. लोह कमी. काकू हसल्या नाहीत. त्यांनी फक्त कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. काकांनी विचारलं, "फेरस की फेरिक?" डॉक्टर म्हणाले, "फेरस." काकांचा चेहरा उजळला. फेरस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन दिलेलं लोह. जस्ताच्या जागी बसणारं, आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तेच. "आणि स्वयंपाक लोखंडी कढईत करा," डॉक्टरांनी जोडून दिलं. झालं. कढई माळ्यावरून उतरली. आता ते डोपिंग होतं.

डोपिंग म्हटल्यावर नोंद आली. दर महिन्याला काका कढईचं वजन करू लागले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅमखालचं कळेना. सोनाराकडे नेली, तर त्याच्या बारीक काट्यावर कढई मावेना. सोनार म्हणाला, "सार, ह्याचे तुकडे करून आणा." शेवटी काकांनी वहीत लिहिलं: ‘घट मोजता येत नाही; चव सुधारली.’ दुसरा अर्धा भाग त्यांच्या अक्षरात आहे की काकूंच्या, ह्यावर घरात मतभेद आहेत.

पण काकांचा खरा कस लागला तो समोरच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मुलीमुळे. मुलगी कोल्हापूरची, इथे पीएचडीला. एका संध्याकाळी पेढे घेऊन आली. "काका, लूप मिळाला!" झिंक ऑक्साइडमध्ये दोन टक्के लोखंड घातलं होतं आणि खोलीच्या तापमानाला ते चुंबकासारखं वागत होतं. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, उलट फिरवलं की आलेख गेल्या वाटेने परत येत नाही, फुगीर फास तयार होतो, तो लूप. ज्याचं सॅम्पल खोलीत चुंबक आणि त्याच वेळी अर्धवाहक, त्याचा पेपर छापून येतो.

इथे थोडं मागे जायला हवं. २००० साली डीटल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये गणित मांडलं की झिंक ऑक्साइड किंवा गॅलियम नायट्राइडमध्ये मँगनीज घातलं तर ते खोलीच्या तापमानाच्या वरही चुंबक राहू शकेल. त्यानंतर जगभर झुंबड उडाली. मँगनीज, कोबाल्ट, लोखंड, जे सापडेल ते जो तो घालू लागला आणि लूप निघू लागले. २००४ मध्ये डब्लिनच्या एका गटाने ‘नेचर’मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात चुंबकत्व दाखवलं, ज्यात चुंबक व्हावं असं काही घातलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत तोच पदार्थ तपासला, तर चुंबकत्व नाही. मग त्यांनी तोच थर स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला. लगेच आलं! काकांनी हा पेपर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, साईबाबांच्या फोटोखाली. साईबाबा काकूंचे.

तर पेढा हातात तसाच धरून काका म्हणाले, "बस बाळ. चिमटा कोणता?"

"प्लास्टिकचा, काका. मला माहितीय ते."

"शाब्बास. वजन करताना चमचा?"

"प्लास्टिकचाच."

"खल?"

"अ‍ॅगेटचा."

काकांनी पेढ्याचा तुकडा मोडला. काकूंना वाटलं, सुटली पोरगी.

"द्रावण ढवळलं कशावर?"

मुलगी थबकली. "मॅग्नेटिक स्टररवर." स्टरर म्हणजे टेफ्लॉनमध्ये गुंडाळलेला चुंबकाचा तुकडा, द्रावणात गरगर फिरणारा. टेफ्लॉन झिजलेलं होतं की नाही कुणी बघितलं नव्हतं.

"आणि पेलेट दाबली कशात?"

आता शांतता. भुकटीची टिकली पोलादी साच्यात दाबतात. सगळे तसंच करतात. पोलादाच्या दोन दट्ट्यांमध्ये, कित्येक टन दाबाने.

काकांनी पेढा बशीत ठेवला, पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. "तुझ्या लूपची उंची, म्हणजे चुंबकत्व, साधारण एक दशसहस्रांश ईएमयू. शुद्ध लोखंडाचा एक ग्रॅम दोनशे वीसच्या आसपास देतो. म्हणजे किती लोखंड पुरेल? अर्ध्या मायक्रोग्रॅमहून कमी. एकच कण धरला तर चाळीस मायक्रॉनचा. तुझ्या केसापेक्षा बारीक." मुलीने नकळत केस मागे सारले.

गेली बिचारी. पुन्हा सगळं केलं: ढवळायला काचेची कांडी, टिकली दाबायची नाही, भुकटीच कॅप्सूलमध्ये, आम्लात धुतलेलं सगळं. लूप गेला. उरली एक साधी सरळ रेघ. तिच्या मार्गदर्शकांना रेघ आवडली नाही. मुलगी काकांच्या ओट्यावर येऊन बसली. काकूंनी त्याच कढईत थालीपीठ लावून दिलं. काका मात्र आनंदाने वेडे झाले होते. त्यांनी तो आलेख दोन्ही हातांत धरून दिव्याखाली नेला.

"अगं, हेच तर खरं! लोखंड आहे म्हणून चुंबक असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? माझ्या झिंक सेलेनाइडमध्ये लोखंड जस्ताच्या जागी बसतं, चार सेलेनियम त्याला वेढतात, आणि अगदी थंडीत त्याची सगळ्यात खालची पातळी अशी असते की स्वतःचं चुंबकत्व शून्य. क्षेत्र लावलं तर थोडं उसनं दाखवतं, काढलं की संपलं. व्हॅन व्लेकने सांगितलंय, नोबेलवाला. मँगनीज घाल, ते चोवीस तास चुंबक म्हणून मिरवेल. लोखंड तसं नाही. खानदानी आहे."

"पण काका, पेपर?"

"इन्फ्रारेडमध्ये बघ. त्याचं शोषण तिथे आहे, आणि तिथे चिमटा खोटं बोलू शकत नाही."

तिने बघितलं, मिळालं, छापलं. लूपवाला पेपर जिथे गेला असता तिथे नाही, पण गेला. प्रबंध झाला, मुलगी जपानला गेली. निघताना काकांनी तिला सिरॅमिकचा चिमटा दिला आणि काकूंनी मेतकुटाचा डबा. डब्याला काकांनी चुंबक लावून पाहिला होता.

परवा तिची ईमेल आली. तोकियोतल्या तनाका गटाने गॅलियम अँटिमनाइडमध्ये लोखंड घालून खोलीच्या तापमानाच्या वरचं चुंबकत्व दाखवलंय, ते काम आता तिने जवळून पाहिलंय, आणि सगळं अगदी स्वच्छ निर्वातात, अणूंचे थर एकावर एक रचून केलेलं आहे. लोखंडाचं प्रमाण पंचवीस टक्के. काकांनी ईमेल मोठ्याने वाचली आणि चष्मा काढला.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"पंचवीस टक्के म्हणते. अगं, अडीच लाख पीपीएम! ह्याला डोपिंग नाही म्हणत. ही भागीदारी झाली."

"बरं. उत्तर लिहा. जेवतेस का वेळेवर, ते विचारा आधी."

काका एका बोटाने टाइप करत बसले. फार सावकाश चाललेलं बघून काकूंनी मागून डोकावलं. उत्तर झालं होतं. वर एकच ओळ होती: ‘अभिनंदन. चिमटा कोणता?’ खाली, ताजा कलम म्हणून, जेवणाचं.